वेळ राखणारे, अक्षर जोडणारे

अकोला आणि अमरावती यांच्यात रेखांशाचा सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे. अमरावतीत सूर्य बुडाल्यावर साधारण तीन मिनिटांनी तो अकोल्यात बुडतो. एरवी या तीन मिनिटांची कोणाला फिकीर नसते, पण रमजानमध्ये असते. सहरी-इफ्तारचे छापील तक्ते मशिदींतून आणि किराणा दुकानांतून वाटले जात, तेव्हा अमरावतीचा तक्ता अकोल्याच्या घरात आला की घरातले कोणी वडीलधारे त्यावर पेनने ‘तीन मिनिटे वाढवा’ असे लिहून ठेवत. आता तक्ता मोबाइलमध्ये आला आहे. रेल्वेने बडनेऱ्याहून अकोल्याला येता येता मगरिबची वेळ आपोआप पुढे सरकते. हे गणित करतो कोण, आणि त्याला कोण पोसतो, या प्रश्नाचा इतिहास मला मोठा रंजक वाटतो.

नमाजच्या वेळा दाखवणारी ॲप्स शेकड्यांनी आहेत, पण प्रत्येकाने सूर्याचे गणित नव्याने मांडलेले नसते. ‘अदान’ नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ‘बतूल ॲप्स’ या गटाने ते लिहून सर्वांसाठी खुले ठेवले आहे. कोणीही घ्यावे आणि आपल्या ॲपमध्ये बसवावे. त्यात पद्धत निवडता येते. आपल्या उपखंडात बहुधा ‘कराची’ नावाची पद्धत चालते. फज्र आणि इशासाठी ती सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली धरते. असरसाठी हनफी की शाफई, असाही पर्याय आहे. वऱ्हाडातले आपण बहुतेक हनफी आणि कोकणातले मुसलमान शाफई, त्यामुळे अकोल्याच्या जावयाचा आणि रत्नागिरीच्या सासऱ्याचा फोन एकाच गावी असरच्या दोन वेळा दाखवतो आणि दोन्ही बरोबर असतात.

पण सूर्याचे गणित झाले तरी घड्याळ लागतेच. जगात कोणत्या देशाचे घड्याळ कोणत्या दिवशी किती पुढे-मागे होते, याची एक नोंदवही आहे. संगणकाच्या जगात तिला ‘टीझेड डेटाबेस’ म्हणतात. आपला फोन, बँकेचा सर्व्हर, विमानाचे तिकीट, सगळे तिच्यावर विसंबून असतात. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी माणसाने ती सुरू केली. तो तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरीला होता; हे काम त्याच्या हुद्द्यात नव्हते, आवड म्हणून चालले होते. पुढे पॉल एगर्ट यांनी ते खांद्यावर घेतले. ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवतात. जगभरातले हौशी लोक त्यांना कळवतात की अमुक सरकारने तमुक निर्णय घेतला, आणि ते नोंद तपासून वहीत घालतात.

या वहीला रमजानही ठाऊक आहे. मोरोक्कोने २०१८ पासून घड्याळ कायमचे एक तास पुढे ठेवले, पण रमजानपुरते ते पुन्हा मागे घेतले जाते. म्हणून चांद्र पंचांगाच्या अंदाजाने २०८७ पर्यंतच्या मोरोक्कोच्या तारखा त्या वहीत आधीच लिहून ठेवल्या आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनच्या सरकारने ऐनवेळी जाहीर केले की घड्याळ पुढे करणे रमजान संपेपर्यंत लांबणीवर टाकायचे. काही संस्थांनी ते मानले, काहींनी नाही, आणि त्या चिमुकल्या देशात काही दिवस दोन वेळा चालल्या. शेवटी सरकारने निर्णय फिरवला. त्या काही दिवसांत ही वही राखणाऱ्यांना काय करावे लागले असेल याची कल्पना करा. सरकारचा हुकूम लिहायचा की लोकांचे वर्तन? आणि हे सगळे कोणत्याही मानधनाशिवाय.

२०११ मध्ये तर ही वही बंदच पडण्याची वेळ आली. ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ‘ॲस्ट्रोलेब’ नावाच्या अमेरिकी कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातून घेतली, तिचा हक्क आमचा, असा तिचा दावा होता. ओल्सनच्या संस्थेच्या सर्व्हरवरून वही उतरवली गेली. आठवड्याभरात इंटरनेटचे पत्ते सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ने ती आपल्या छपराखाली घेतली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून दावा मागे घेतला. (कंपनीचे नाव मात्र चांगले होते. उस्तुरलाब हे यंत्र मुळात ग्रीकांचे. मुस्लिम खगोलतज्ज्ञांनी ते घडवत नेले आणि नमाजच्या वेळा काढायलाही वापरले. त्याच्याच नावाची कंपनी वेळेची वही बंद पाडायला निघाली.)

इथे मला दमास्कस आठवते. उमय्या मशिदीत ‘मुवक्कित’ नावाचे पद होते. मुवक्कित म्हणजे वेळ राखणारा. चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर त्या पदावर होते. सूर्याची सावली आणि तारे पाहून अजानची वेळ ठरवणे हे त्यांचे काम. त्यांनी मशिदीच्या मिनारासाठी भलेथोरले सूर्यघड्याळ केले, आणि चंद्राच्या गतीचे त्यांचे गणित पुढे कोपर्निकसच्या गणिताशी जुळणारे निघाले. ते फावल्या वेळात ताऱ्यांकडे बघणारे हौशी गृहस्थ नव्हते. मशिदींच्या मागे वक्फ असे. दुकानांचे भाडे, बागांचे उत्पन्न यांतून इमाम, मुअज्जिन आणि मुवक्कित यांचे पगार निघत. वेळ राखणे हे समाजाचे काम आहे आणि राखणाऱ्याचे घर चालले पाहिजे, हे त्या समाजाने मान्य केले होते. आजच्या वहीमागे असे काही नाही. बारकाईने पाहिले तर एगर्ट यांची विद्यापीठातली नोकरी हाच त्यांचा वक्फ आहे. फक्त तो कोणी त्या कामासाठी लिहून दिलेला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना लोक रिचर्ड स्टॉलमनच्या १९८३ च्या घोषणेपासून सुरुवात करतात, मग १९९१ चे लिनक्स येते. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने फार घोळ घातला. आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आधीपासून वेगळे आहेत, हे आपले नशीब. मुक्त म्हणजे वाचता येते, बदलता येते, पुढे देता येते. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. घोषणा मुक्ततेची होती, वापरणाऱ्यांनी मात्र फुकटपणा तेवढा उचलला. आणि त्याची किंमत कळायला तीसेक वर्षे लागली.

एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’मध्ये मोठे भगदाड सापडले, त्याला ‘हार्टब्लीड’ म्हणतात. बँकेच्या संकेतस्थळापाशी जे कुलूप दिसते, त्यामागे बहुतेक ठिकाणी हेच सॉफ्टवेअर होते. अब्जावधींचे व्यवहार त्यावर चालत, आणि प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २००० डॉलर. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’चा घोटाळा झाला, तिथेही दिवसा दुसरी नोकरी करणारे मोजके स्वयंसेवक रात्री जागून दुरुस्ती करत होते आणि जगभरातून त्यांना शिव्या पडत होत्या.

पण खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट ‘एक्सझेड’ची. फाइली दाबून लहान करणारे हे छोटे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. फिनलंडचा लासे कॉलिन नावाचा माणूस ते वर्षानुवर्षे एकटा सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया तान’ नावाने कोणीतरी मदतीला आले. चांगल्या दुरुस्त्या पाठवू लागले. मग काही अनोळखी नावे कॉलिनच्या मागे लागली, की काम फार हळू चालले आहे, दुसऱ्याच्या हाती का देत नाही? त्यातले एक नाव ‘जिगर कुमार’ होते. हे आपल्याकडचे नाव कोणी का निवडले असेल कोणास ठाऊक. जून २०२२ मध्ये कॉलिनने लिहिले की आपली मनःस्थिती बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात ठेवावे. शेवटी त्याने जिया तानला अधिकार दिले. सुमारे अडीच वर्षे विश्वास कमावून त्या हाताने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. तो सर्वत्र पोचला असता तर जगातल्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या त्याच्या हाती गेल्या असत्या.

२९ मार्च २०२४ रोजी, म्हणजे आपल्याकडे अठरावा रोजा होता, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे जगाला सांगितले. आपल्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा त्याने पिच्छा पुरवला होता. अर्धा सेकंद! ‘जिया तान’ कोण होते हे आजतागायत उघड झालेले नाही. मला यात चोराच्या हुशारीपेक्षा दुसरे काही जास्त टोचते. इतक्या वर्षांत त्या फिनलंडच्या माणसाला खरी मदत करायला जो पहिला टिकून राहिला, तो चोर होता.

आपल्या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. सामायिक वस्तू कोण राखणार, याची उत्तरे वऱ्हाडाने वेगवेगळ्या काळात दिली आहेत. जुने उत्तर बलुत्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त त्याचे तपशील सापडतात. नांगराचा फाळ लोहाराने शेवटावा, मुलाण्याने जनावर हलाल करावे, पिराला दिवा लावावा. आणि पीक आल्यावर शेतकऱ्याने खळ्यावरच प्रत्येकाचा वाटा काढून ठेवावा. वापरणारा तो देणारा, हा त्यातला साधा हिशेब. आजच्या मोठ्या कंपन्यांनी तेवढे जरी मानले असते तर लासे कॉलिनवर ती वेळ आली नसती. पण बलुत्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. ज्याला ते काम सोडून जाता येत नव्हते, ज्याच्या पोराला तेच काम करावे लागे, आणि ज्याचा वाटा सर्वांत शेवटी, सर्वांत कमी आणि अपमानासह मिळे, त्याला विचारा. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध झगडा केला तो उगाच नाही.

दुसरे उत्तर इनामाचे. वऱ्हाड १८५३ पर्यंत पुरते निजामाच्या कारभारात होते. त्या राजवटीत मशिदी आणि दर्ग्यांच्या मागे ‘खिदमत माश’ जमिनी लावून दिलेल्या असत. खिदमत करणाऱ्याने उत्पन्न खावे आणि त्या बदल्यात झाडलोट, दिवाबत्ती, अजान सांभाळावी. जमीन त्याची नव्हे, जमीन खिदमतीची. कल्पना म्हणून हे बलुत्यापेक्षा उमदे आहे, कारण देणाऱ्याच्या मर्जीवर दरवर्षी अवलंबून राहावे लागत नाही. पण मुतवल्लीलाच उत्पन्नाची चटक लागली आणि खिदमत विसरली गेली, तर? अशा जमिनींचे पुढे काय झाले हे वऱ्हाडातल्या वाचकांना मी सांगायला नको. प्रत्येक तालुक्यात एखादी तारीख चालूच आहे. वक्फवर बाहेरून होणारे आघात खरे आहेत आणि आतली वाळवीही खरी आहे. दोन्ही एकाच श्वासात बोलायची आपली तयारी नसते.

तिसरे उत्तर खराट्याचे. शेंडगाव अमरावती जिल्ह्यातले, दापुरा मूर्तिजापूरजवळचे. एका गावात १८७६ मध्ये जन्मलेला आणि दुसऱ्या गावात मामाकडे वाढलेला डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. स्वयंसेवेचे याहून मोठे उदाहरण आपल्या मुलखात नाही. पण मला इतिहासात जास्त मोलाची वाटते ती १९५२ ची गोष्ट. त्या वर्षी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आयुष्यभर मडके आणि खराटा एवढीच इस्टेट असलेल्या माणसाच्या कामामागेही शेवटी विश्वस्त, कागदपत्रे आणि हिशेब उभे राहिले. चार वर्षांनी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. धर्मशाळा चालू राहिल्या. मुक्त सॉफ्टवेअरवाले खराट्याचे कौतुक फार करतात, पण १९५२ पर्यंत त्यातले थोडेच पोचतात.

हे सगळे मला का लागते, ते सांगायचे तर घरची गोष्ट सांगावी लागेल. माझे मामूजान अकोल्यात कातिब होते. लग्नाच्या उर्दू पत्रिका, मुशायऱ्याची पोस्टरे, मदरशाच्या पावत्या, सारे त्यांच्या कलमातून उतरे. नस्तालीक लिपीत अक्षरे आडव्या ओळीत बसत नाहीत, उताराने एकमेकांच्या खांद्यावर उतरतात; त्यामुळे खिळ्यांच्या छपाईला ती कधी नीट दाद देत नव्हती. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरातून हजारो अक्षरजोड्या संगणकात घातल्या गेल्या. त्या ‘नूरी नस्तालीक’मध्ये ‘जंग’ हे वर्तमानपत्र निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ आणले. पाचेक वर्षांत मामूजानची कलमे कपाटात गेली. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती, “हर्फ सलामत राहिले ना, बस,” म्हणत.

पण हर्फ सलामत राहिले का? बाजारात इनपेजच्या चोरीच्या सीड्या फिरत आणि आम्ही त्यालाच ‘फ्री’ समजत होतो. फुकट होते, मुक्त नव्हते. त्याची लिपी त्याच्याच कुलपात. मामूजानच्या दोस्तांच्या गजलांच्या फाइली, एका शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, हे सगळे त्या जुन्या साच्यात अडकले. मराठीतही तेच. प्रत्येक फॉन्टची वेगळी सांकेतिक भाषा होती, आणि अमरावतीच्या छापखान्यातला मजकूर अकोल्याच्या संगणकावर उघडला की कचरा दिसे. युनिकोडने ही कुलपे काढली. मात्र युनिकोड अक्षराला फक्त क्रमांक देतो. ते अक्षर पडद्यावर बसवायला आणखी एक कारागीर लागतो.

त्या कारागिराचे नाव ‘हर्फबझ’. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुला. हे नाव इराणी मुळाच्या बेहदाद इस्फहबोद यांनी ठेवले. ‘कि’ लिहिताना आपण क नंतर वेलांटी टंकतो, ती पडद्यावर आधी दिसते. ‘सूर्य’ मधला र उडी मारून य च्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’ मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा होतो, नाहीतर सातपुड्याच्या दऱ्यांचा फारसी दर्या व्हायचा. हे सर्व हर्फबझ करतो, आणि उर्दूच्या उतरत्या ओळीही तोच बसवतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांत तो आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही एकाच कारागिराच्या हातून निघतात, हे भाषेवरून भांडणाऱ्यांच्या गावीही नसते.

इस्फहबोद यांना या कामासाठी रेड हॅट, गुगल, फेसबुक अशा कंपन्यांचा पगार मिळत गेला, म्हणून ते टिकले. २०२० च्या जानेवारीत ते तेहरानला घरच्यांना भेटायला गेले असता गुप्तहेर यंत्रणेने त्यांना पकडले आणि हेरगिरीसाठी दबाव आणला. आठवड्याने सुटले, पण त्या धक्क्याने त्यांचे आयुष्य उलटेपालटे झाले. जगातल्या अब्जावधी फोनवरच्या अक्षरांचा भार इतक्या थोड्या माणसांवर असतो. त्या कामातला दुसरा मोठा हात इजिप्तच्या खालिद होस्नी यांचा आहे. कैरोच्या बुलाक छापखान्याच्या जुन्या खिळ्यांवरून त्यांनी ‘अमिरी’ हा मुक्त फॉन्ट केला. १९२४ ची कैरो प्रत ज्या वळणात छापली गेली, ते वळण आज कोणालाही विनापरवाना वापरता येते.

मराठीचा मुक्त फॉन्ट ‘लोहित’ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घेऊन रेड हॅटने २००४ मध्ये खुला केला. फेडोरा आणि ग्नोमचे मराठी भाषांतरही बराच काळ त्याच कंपनीच्या पुण्यातल्या लोकांनी ओढले. कंपनीचा रस असतो तोवर हे छान चालते. पण कंपनीचा रस म्हणजे वक्फ नव्हे, तो कोणत्याही तिमाहीत आटू शकतो.

अलीकडे पैशाच्या नव्या वाटा निघत आहेत. जर्मनीच्या सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी निधी उभा केला. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दरवर्षी १० लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरला देण्याचे जाहीर केले. हे चांगलेच आहे. पण मराठीचा शब्दतपासनीस, उर्दूचा एखादा फॉन्ट, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे एखाद्या शिक्षकाने लिहिलेले चार पानांचे सॉफ्टवेअर, इतक्या लहान वस्तूंपर्यंत हे पैसे सहसा झिरपत नाहीत. त्या आपल्यालाच राखाव्या लागतील.

म्हणून मागच्या शाबानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीच्या बैठकीत मी एक मुद्दा मांडला. तक्ते छापायचे आता जवळजवळ बंद झाले आहे, त्याचे दरसालचे पैसे वाचतात. ज्या सॉफ्टवेअरवर आपण वेळ पाहतो आणि ज्या फॉन्टमध्ये आपल्या शाळेचे उर्दू पेपर निघतात, त्यांच्यासाठी ते सदका-ए-जारिया म्हणून काढून ठेवू. इमामसाहेब म्हणाले, जकातीचे पैसे चालणार नाहीत, ते हकदाराच्या हाती गेले पाहिजेत. सदक्याला हरकत नाही. दोन तरुणांनी मान डोलावली. सर्वांत वडील सदस्यांनी विचारले, “हे लोक मुसलमान आहेत का?” मी म्हणालो, काही आहेत, काही नाहीत, विहिरीचे पाणी तसेच असते. ते हसले. मग खजिनदारचाचांनी चष्मा वर केला आणि वही उघडली. त्यांची अडचण अगदी साधी होती आणि त्या बैठकीत तिचे उत्तर माझ्याकडे नव्हते. “रक्कम लिहितो,” ते म्हणाले, “पण पावती कोण देणार?”